बटाट्यावरील पाकोळी : शेतातील व साठवणीतील बंदोबस्त

बटाटा काढला की त्याच आठवड्यात विकून मोकळे व्हावयाचे, ही माळव्यातील आणि बेळगाव भागातील अनेक लहान शेतकऱ्यांची रीत होऊन बसली आहे. काढणीच्या दिवसांत बाजारात मालाची गर्दी असते व भाव उतरलेले असतात, हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. परंतु घरात किंवा झाडाखाली ठेवलेला बटाटा दोन-अडीच महिन्यांत पोखरला जाऊन सडतो, हा अनुभव त्यांच्या गाठी असतो. आणि सडलेल्या मालापेक्षा उतरत्या भावाचे पैसे बरे, असा हिशेब ते करतात. ज्यांना पुढील हंगामासाठी घरचे बेणे राखावयाचे असते त्यांना तर हा मार्गही मोकळा नसतो. बेणे सडले म्हणजे ऐन लावणीच्या वेळी ते चढ्या भावाने विकत घ्यावे लागते, आणि बटाट्याच्या लागवडीत सर्वांत मोठा खर्च बेण्याचाच असतो.

या नुकसानीस अनेक कारणे असली तरी उष्ण प्रदेशातील साठवणीत त्यांपैकी प्रमुख कारण म्हणजे बटाट्यावरील पाकोळी होय. शास्त्रीय भाषेत हिला फ्थोरिमिया ऑपरक्युलेला असे नाव आहे. बटाटा ज्या दक्षिण अमेरिकेतून जगभर गेला, तेथूनच ही पाकोळीही त्याच्या मागोमाग पसरली. भारतात ती १९०६ साली इटलीहून आणविलेल्या बेण्याबरोबर तत्कालीन मुंबई इलाख्यात आली, अशी नोंद आहे. पुढे बेण्याच्या पोत्यांतूनच ती गावोगाव पोहोचली.

ओळख व जीवनक्रम

पाकोळी आकाराने लहान, करड्या-तपकिरी रंगाची असून तिच्या पुढच्या पंखांवर बारीक काळसर ठिपके असतात व मागच्या पंखांच्या कडांना केसांची झालर असते. दिवसा ती पानांच्या खाली, ढेकळांच्या आडोशास किंवा पोत्यांच्या घड्यांत निपचित बसून राहते आणि सायंकाळनंतर उडू लागते. म्हणूनच दिवसा शेतात फिरणाऱ्यास ती सहसा दिसत नाही. मादी आपल्या अल्प आयुष्यात शंभर ते दोनशे अंडी घालते. पीक हिरवे असताना ती अंडी बहुधा पानांच्या खालच्या बाजूस असतात. बटाटा उघडा सापडल्यास मात्र मादी त्याच्या डोळ्यांच्या खाचांत अंडी घालते. अंडे इतके बारीक असते की डोळ्यात रुतलेल्या मातीच्या कणापासून ते वेगळे ओळखणे कठीण जाते.

उष्ण हवेत चार-सहा दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते. पानावर असल्यास ती पानाच्या दोन पडद्यांमधील गर खाते व तेथे पारदर्शक, पुढे तपकिरी होणारा चट्टा दिसू लागतो. कधी ती देठात किंवा शेंड्यात शिरते. बटाट्यावर असल्यास डोळ्यातून आत शिरून ती वेडेवाकडे बोगदे करते. डोळ्यापाशी साचलेली काळी विष्ठा ही तिची ओळखीची खूण होय. दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडून मातीत, काडीकचऱ्यात, भिंतीच्या भेगांत किंवा बारदानाच्या विणीत कोष करते आणि आठवडाभरात त्यातून नवी पाकोळी निघते. उन्हाळ्यात हा संपूर्ण फेरा साधारण महिनाभरात पुरा होतो.

एका मादीने शंभर अंडी घातली व त्यांतून निम्म्या माद्या निघाल्या, तर दुसऱ्या पिढीस पाच हजार आणि तिसऱ्या पिढीस अडीच लक्ष अंडी होतात. प्रत्यक्षात सर्वच अंडी जगत नाहीत, हे खरे. तथापि मार्चमध्ये निर्दोष वाटणारा ढीग जूनमध्ये उघडताच दुर्गंधी का सुटते, याचा उलगडा या हिशेबातून होतो. अळीने केलेल्या छिद्रांतून सडविणारे जिवाणू व बुरशी आत शिरतात आणि पोखरलेल्या एका बटाट्याचे पाणी भोवतालच्या दहा चांगल्या बटाट्यांवर ओघळते. शेतकरी त्यास केवळ “सड लागली” असे म्हणतो व अळी नजरेआडच राहते.

साठवणीत कीड कोठून येते

ही कीड साठवणीच्या जागेतच उपजते, असा समज सर्वत्र आढळतो. मागील वर्षीची पोती व न झाडलेली खोली यांतून ती येते, हे अंशतः खरे आहे. परंतु बहुतेक प्रसंगी ती शेतातूनच, बटाट्याच्या डोळ्यात अंड्याच्या किंवा नुकत्याच शिरलेल्या अळीच्या रूपाने येते. पीक हिरवे असेपर्यंत पाने पोखरण्याने उत्पन्नात फारशी घट येत नाही, म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. पाला वाळू लागताच मात्र पानांतील अळ्यांचे अन्न संपते व त्या खाली उतरून बटाट्याचा शोध घेऊ लागतात. माळव्यात ही वेळ फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे हवा तापू लागण्याची असते. त्यामुळे पीक संपणे आणि किडीची वाढ होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

येथे किडीची एक दुबळी बाजू ध्यानात घेण्याजोगी आहे. मादीस माती उकरून आत जाता येत नाही आणि कोवळ्या अळीसही घट्ट माती भेदून खोलवर उतरता येत नाही. ती भेगांतूनच खाली जाते. बटाट्यावर पाच सेंटीमीटर अखंड, भुसभुशीत माती असेल तर तो बहुतांशी सुरक्षित राहतो. या किडीच्या बंदोबस्ताची सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीची साधने या एका गोष्टीवर आधारलेली आहेत.

वरंब्यावरील माती

बेणे उथळ लावल्यास नवे बटाटे पृष्ठभागालगत धरतात व फुगताना माती फोडून वर येतात. यासाठी बेणे सहा सेंटीमीटरऐवजी दहा सेंटीमीटर खोलीवर लावणे इष्ट असते. त्यानंतर मातीची भर देण्याचे काम येते. लावणीनंतर महिनाभरात दिलेली पहिली भर बहुतेक शेतकरी देतात. दुसरी भर मात्र मजुरीच्या खर्चामुळे टाळली जाते. पीक दाटल्यावर वरंबे दिसेनासे होतात आणि आत काय चालले आहे ते कळत नाही. पाला बाजूस सारून पाहिल्यास प्रत्येक वरंब्यावर दोन-चार हिरवट बटाटे उघडे पडलेले आढळतात. हे बटाटे हिरवे पडून खाण्यास अयोग्य होतात ते वेगळेच. पाकोळीस अंडी घालण्यास तेच प्रथम सापडतात.

माळव्याची काळी जमीन या बाबतीत विशेष काळजी मागते. पाण्याच्या दोन पाळ्यांत अंतर वाढले की तिला भेगा पडतात व त्या थेट बटाट्यापर्यंत जातात. पाळी लांबवून एकदम भरपूर पाणी देण्यापेक्षा कमी अंतराने हलके पाणी देणे चांगले. तुषार सिंचनाने वरची माती एकसारखी ओलावत असल्यामुळे सरीतून दिलेल्या पाण्यापेक्षा भेगा कमी पडतात, हा त्याचा एक अधिक लाभ होय.

अडचण येते ती शेवटच्या पंधरवड्यात. बटाट्याची साल पक्की व्हावी म्हणून काढणीपूर्वी दहा-बारा दिवस पाणी तोडावे लागते. आणि पाणी तोडले की काळी जमीन तडकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे कठीण असले तरी अशक्य नाही. पाणी तोडण्यापूर्वी वरंब्यांवर हलकी भर द्यावी, म्हणजे भुसभुशीत माती भेगांत उतरून त्या बुजतात. पाला वाळण्याची वाट न पाहता तो जमिनीलगत कापून शेताबाहेर न्यावा. तेथेच पसरून ठेवल्यास त्यातील अळ्या भेगांतून खाली जातात. पाला कापल्यापासून साल घट्ट होण्यास लागणारे दिवस संपताच काढणी उरकावी. भाव चढेल या आशेने बटाटा महिनाभर जमिनीतच राखून ठेवण्याची प्रथा काही गावांत आहे. मार्चच्या उन्हात तडकलेल्या जमिनीत ठेवलेला माल म्हणजे पाकोळीस खुला ठेवलेला दरवाजाच होय; त्या महिन्यात भावाने जे मिळते, त्याहून अधिक अळी नेते.

बेळगाव व खानापूर भागातील खरीप बटाट्याची स्थिती निराळी असते. तेथे जोरदार पावसाने वरंबे धुपतात व बटाटे उघडे पडतात. पाऊस चालू असताना पाकोळीचा उपद्रव फारसा जाणवत नाही; परंतु सप्टेंबरात उघडीप मिळताच तो वाढतो. म्हणून पावसाच्या पहिल्या मोठ्या उघडिपीतच वरंबे पुन्हा बांधून घेणे अगत्याचे आहे. तंबाखू, टोमॅटो, वांगी व धोत्रा यांवरही ही कीड जगते. त्यामुळे बटाट्याच्या शेतात उगवलेला धोत्रा आणि मागील हंगामातील सुटलेल्या बटाट्यांपासून आपोआप आलेली रोपे उपटून टाकावीत.

सापळे व मित्रकीटक

पाकोळी केव्हा वाढू लागली हे समजण्यासाठी कामगंध सापळ्यांचा चांगला उपयोग होतो. मादीच्या गंधासारखा गंध असलेली लहानशी गोळी साबणाचे पाणी घातलेल्या भांड्यावर टांगली असता नर तिकडे आकर्षिले जाऊन पाण्यात पडतात. सापळ्यात केवळ नरच सापडतात, म्हणून एवढ्यानेच बंदोबस्त होईल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र दररोज सापडणाऱ्या नरांची संख्या वाढू लागली, म्हणजे भर देण्याचे काम आणखी लांबविता येत नाही, हा इशारा वेळेवर मिळतो.

या किडीचे नैसर्गिक शत्रूही आहेत. कोपिडोसोमा कोहलेरी ही दक्षिण अमेरिकेतीलच एक सूक्ष्म गांधीलमाशी पाकोळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्या एका अंड्यापासून अनेक जीव तयार होतात. अळी वाढत राहते, पण शेवटी ती ताठर होऊन मरते व तिच्यातून तीसहून अधिक गांधीलमाश्या बाहेर पडतात. चेलोनस ब्लॅकबर्नी हा दुसरा परोपजीवी कीटकही याच कामासाठी सोडला जातो. हे कीटक जेथे मिळू शकतात तेथे कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने, पानांवर चट्टे दिसू लागताच सोडावेत. ते सोडल्यानंतर तीव्र कीटकनाशकाची फवारणी केल्यास खर्च व श्रम दोन्ही वाया जातात.

फवारणीचा अवलंब कीड पानांवर मोठ्या प्रमाणात दिसल्यावरच करावा. ज्या औषधाच्या लेबलावर बटाटा पिकाचा व या किडीचा उल्लेख आहे तेच वापरावे आणि फवारणी व काढणी यांमध्ये लेबलावर दिलेले अंतर पाळावे. जुन्या पत्रकांतून लावणीच्या वेळी फोरेट दाणेदार औषध मातीत मिसळण्याची शिफारस आढळते. या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणाकडे शिल्लक असल्यास ते वापरू नये.

इतर किडींविषयी थोडेसे

मावा स्वतः रस शोषून जे नुकसान करतो ते अल्प असते. परंतु पाने गुंडाळणारा व इतर विषाणुजन्य रोग तो पसरवितो, म्हणून बेण्याच्या पिकात तो महत्त्वाचा ठरतो. शंभर संयुक्त पानांवर वीस मावा किडी आढळल्या की बेण्याच्या पिकाचा पाला कापून टाकावा, हे प्रमाण देशात बियाणे उत्पादनासाठी मानले जाते. पांढरी माशी व फुलकिडे हेही विषाणूंचे वाहक असून फार लवकर लावलेल्या पिकावर त्यांचा जोर अधिक असतो. त्यामुळे माळव्यात उष्णता ओसरल्यावर केलेली लावणी या दृष्टीने निर्धोक ठरते.

देठ कुरतडणारी अळी रात्री रोपे जमिनीलगत तोडते व दिवसा तेथेच ढेकळाखाली लपते. तुटलेल्या रोपाभोवतीची माती सकाळी हाताने उकरल्यास ती सापडते. हुमणीचा त्रास खरिपात, विशेषतः हलक्या जमिनीत होतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे सायंकाळी कडुनिंब, बाभूळ व बोरीवर गोळा होतात. त्या दोन-चार रात्री गावाने मिळून फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकल्यास पुढे औषधाची गरज बरीच कमी होते. एकट्या शेतकऱ्याने केलेल्या या कामाचा फारसा उपयोग होत नाही, कारण शेजारच्या बांधावरील झाडे तशीच राहतात. कच्चे शेणखत शेतात घालणे म्हणजे हुमणीस आमंत्रण देणे होय, हेही लक्षात ठेवावे.

काढणीचा दिवस

काढणीचा एकच दिवस असा असतो की, त्या दिवशी केलेल्या हलगर्जीपणाने आधीच्या तीन महिन्यांची काळजी वाया जाते. बटाटा सकाळी उकरावा, दुपारपर्यंत वेचावा आणि सूर्यास्तापूर्वी शेतातून हलवावा. पाकोळी अंधार पडल्यावर अंडी घालते. रात्रभर वाफ्यात उघडा राहिलेला बटाटा दुसऱ्या दिवशी वरून पूर्वीसारखाच स्वच्छ दिसतो, पण तो अंडी घेऊन घरी येतो.

त्याच दिवशी माल हलविणे शक्य नसेल तर ढिगावर ताडपत्री किंवा जाड कापड घालून कडा मातीने दाबाव्यात. ढीग बटाट्याच्याच पाल्याने झाकण्याची पद्धत फार रूढ आहे. पाला फुकट मिळतो, उन्हापासून सावली होते, म्हणून ती शेतकऱ्यास सोयीची वाटते. परंतु पाला सुकू लागताच त्यातील अळ्या खालच्या बटाट्यांत उतरतात. नुकसान घडवून आणण्यासाठी याहून सोपा उपाय शोधूनही सापडणार नाही. आच्छादनास भाताचा पेंढा, गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट वापरावे. पाला मुळीच वापरू नये.

घरी आणल्यावर बटाटा सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवून साल सुकू द्यावी व मगच निवड करावी. कापलेले, खरचटलेले, हिरवे आणि डोळ्यापाशी काळी विष्ठा असलेले बटाटे वेगळे काढावेत. ही निवड घाईने होते, असा अनुभव आहे. काढणीच्या दिवशी शिरलेल्या अळीची खूण आठवड्यानंतरच दिसते, म्हणून साल सुकण्याच्या मुदतीनंतर केलेली निवड अधिक उपयोगी पडते.

साठवणीची व्यवस्था

खेड-मंचर भागात बटाटा अरणीत ठेवण्याची जुनी रीत आहे. गर्द सावलीच्या झाडाखाली उंचवट्यावर ढीग घालून त्यावर वाळलेल्या गवताचे किंवा पाचटाचे आच्छादन देतात. माळव्यातही ढीग किंवा उथळ खड्डा करून बटाटा ठेवितात. या पद्धती टाकाऊ नाहीत. दोन-तीन महिन्यांसाठी त्या पुरेशा आहेत. त्यांत पाकोळीस शिरकाव मिळू न देणे एवढेच साधावयाचे असते.

जागा स्वच्छ झाडून भिंतींच्या भेगा शेणमातीने लिंपाव्यात. मागील वर्षीची पोती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावीत. खोलीस हवा हवी, पण खिडक्यांस बारीक जाळी लावणे आवश्यक आहे. ढिगाच्या तळाशी व वर घाणेरी, निलगिरी किंवा कडुनिंबाच्या वाळवून चुरलेल्या पानांचा दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीचा थर द्यावा. घाणेरी कोणत्याही माळावर फुकट मिळते आणि तिच्या उग्र वासाने पाकोळी दूर राहते. पाने ओली असल्यास मात्र ढिगात दमटपणा वाढून सड लागते. ती पूर्ण वाळलेली असावीत. थर विरळ झाला की नवा द्यावा. ढीग मीटर-सव्वा मीटरपेक्षा उंच करू नये, कारण आतील उष्णता बाहेर पडत नाही. बेण्यासाठी ठेवलेल्या मालावर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची भुकटी धुरळल्यास कोवळ्या अळ्या आत शिरण्यापूर्वीच मरतात.

एके काळी साठविलेल्या बेण्यावर डीडीटी किंवा बीएचसी भुकटी टाकली जात असे. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली व बीएचसीचा १९९७ साली बंद करण्यात आला. तरीही आज मिळणारी इतर कीटकनाशक भुकटी बटाट्यावर टाकण्याचा मोह काहींना होतो. बेणे म्हणून ठेवलेल्या मालातील उरलेला भाग शेवटी बाजारात किंवा घरच्या स्वयंपाकात जातो, हे प्रत्येक कुटुंबास माहीत आहे. खाण्याच्या बटाट्यावर असे औषध कदापि टाकू नये.

शीतगृहात बटाटा दोन ते चार अंश सेल्सिअस तापमानात राहत असल्याने तेथे पाकोळीची वाढ थांबते. बेण्यासाठी शीतगृह सर्वोत्तम होय. परंतु आधीच पोखरलेला माल शीतगृहात नेल्याने निर्दोष होत नाही. भाडे मात्र पूर्ण द्यावे लागते. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून केवळ बेण्यापुरता निवडलेला माल तेथे ठेवावा व उरलेला अरणीत किंवा ढिगात ठेवून पावसाळ्यापूर्वी विकावा, ही व्यवस्था लहान शेतकऱ्यांस परवडणारी आहे.

ढीग दर पंधरा दिवसांनी एका बाजूने उघडून पाहावा. पोखरलेला बटाटा सापडल्यास तो अंगणात किंवा उकिरड्यावर टाकू नये, कारण त्यातील अळी तेथेच कोष करून परत येते. असे बटाटे अर्धा मीटर खोल खड्ड्यात पुरून वर माती घट्ट दाबावी.